औंढ्याचं लायगो आणि विश्वेश्वरांची घंटा
"औंढ्यात लायगो येऊन आपल्याला काय मिळणार?" टपरीवर हा प्रश्न रोज ऐकतो. मंडळी, एक जुनी गोष्ट सांगतो.

बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा अमेरिकेत शिकले. १९७० साली त्यांनी संगणकावरच्या गणितात कृष्णविवरावर लहरी सोडल्या. उत्तर आलं: ठोका दिलेल्या घंटेसारखं कृष्णविवर घुमतं आणि विरत जातं. तेव्हा कृष्णविवर खरंच असतं का, इथूनच शंका होती!

१४ सप्टेंबर २०१५. अमेरिकेतल्या लायगोनं दोन कृष्णविवरांच्या धडकेच्या लहरी टिपल्या. शेवट तसाच, विरत जाणारा. ४५ वर्षांनी! विश्वेश्वरांनी हे पाहिलं, २०१७ मध्ये ते गेले.

औंढ्यासाठी २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झाले. कामाचा हिशोब जरूर मागू. पण ज्ञानाचं पीक एका हंगामात येत नाही, हे शेतकऱ्याच्या पोरांना वेगळं सांगायला हवं का?