राजाचं नाव

धाकट्या भावाला मुलगा झाला, तेव्हा त्याने आधीच बजावलं, “दादा, नाव राजाचं हवं. कारकुनाचं नको!” वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला हे सांगताना त्याला काही वाटलं नाही. मीही काही बोललो नाही. कारकुनाला ऐकून घ्यायची सवय असते.

नाव ठरलं शाहू. ‘शाह म्हणजे बादशहा!’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला. मी पडलो बी. कॉम.; उत्पत्तीपेक्षा उत्पन्नाशी संबंध जास्त. पण मनाला टोचणी लागली होती. ग्रंथालयातून पुस्तकं आणली आणि बेरीज पडताळावी तसं ते नाव पडताळलं.

संभाजीमहाराजांच्या या मुलाचा जन्म १६८२ चा आणि नाव आजोबांचंच, शिवाजी. १६८९ साली रायगड पडला आणि सात वर्षांचं पोर आई येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागलं. ‘शिवाजी’ या नावाने औरंगजेबाची झोप किती वर्षं उडाली होती ते आपण जाणतोच. गोष्ट अशी सांगतात, की आजोबांना बादशहा जे काही म्हणत असेल ते असो, नातवाला मात्र तो ‘साव’ म्हणाला. चोर नव्हे, साव! त्याचंच पुढे शाहू झालं. म्हणजे बादशहाने मुलाचं राज्य घेतलं आणि वर चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला.

हा साव मूळचा संस्कृत साधू. प्राकृतात साहू, मराठीत साव. आणि त्याचाच भाऊबंद सावकार! भाऊ पोराला राजा करायला निघाला होता, त्याने ते थेट आमच्याच धंद्यात आणून बसवलं होतं.

१७०७ मध्ये औरंगजेब गेला, शाहूची सुटका झाली आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक झाला. नावात सावकारी राजाच्या आणि डोक्यावर कर्ज पेशव्याच्या, बाजीरावाच्या! पुढे १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेले, तेव्हा त्यांना मुद्दाम शाहू हे नाव दिलं. तोवर साव राजा होऊन बसला होता. या शाहूंनी १९०२ मध्ये मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. कुठल्याही सावकाराच्या वहीत न बसणारा हिशेब!

आणि भावाचा तो फारसी शाह? तो बुद्धिबळातून इंग्रजीत गेला आणि त्याचा चेक झाला. पटावरचा आणि बँकेतलाही. रोज शंभरेक बादशहा माझ्या हाताखालून जातात. सही जुळली नाही की मी त्यांना परत पाठवतो.

बारशाच्या सकाळी हे सगळं भावाला ऐकवलं. तो जरा वेळ गप्प राहिला.

“म्हणजे नुसताच प्रामाणिक?”

“नुसताच.”

“तुझ्यासारखा?” तो म्हणाला, आणि पाहुण्यांकडे वळला. हे कौतुक होतं की तक्रार, ते विचारायचं राहून गेलं.

आत्याने कानात कुर्रर्र केलं, शाहूमहाराजांनी भोकाड पसरलं. अहेराच्या चेकवर नावाची जागा मी कोरी ठेवली होती; तिथे बाळाचं नाव लिहिलं. खातं उघडल्याशिवाय तो वटायचा नव्हता, हे मला ठाऊक होतं. फॉर्म दुसऱ्या खिशात होता.