कुंपणाबाहेर गेलेली झाडं

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घेऊन मंडळी थेट लेण्याद्रीला पळतात. याच जुन्नर तालुक्यात, हिवरे इथे, इंग्रजांची वनस्पती-बाग होती हे कुणाच्या गावीही नसतं. १८३८ साली दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख झालेला डॉ. अलेक्झांडर गिब्सन तीही बघायचा. औषधी झाडं लावायची, परदेशी रोपं इथे जगतात का ते पाहायचं, हा उद्योग. १८४७ मध्ये तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला.

त्या काळच्या बागांचा प्रश्न एकच : झाड रुजेल का? रुजल्यावर थांबेल का, हे कोण विचारतो! घाणेरी अशीच शोभेसाठी अमेरिकेतून कलकत्त्याच्या बागेत आली. आज जुन्नरच्या डोंगरांवरही ती आहे. बुलबुल फळं खातात, बी पेरत जातात.

आता म्हणाल, तेव्हा ज्ञान कमी होतं. पण अमेरिकेत १९६३ साली 'ब्रॅडफर्ड' हे शोभेचं नासपती बाजारात आलं. सगळी एकाच वाणाची कलमं, त्यामुळे आपसात फळ धरेना. म्हणून निर्धास्त! पुढे शेजारी दुसरे वाण लागले, संकर झाला, फळं धरली. पक्ष्यांनी बाकीचं काम केलं. २०२३ पासून ओहायोत त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

तेव्हा नर्सरीत तीन गोष्टी विचारा. फळं पक्षी खातात का? तोडल्यावर बुंध्यातून फुटतं का? दुसऱ्या देशात माजलंय का? तिन्हींना 'हो' आलं, तर फूल कितीही देखणं असो, रोप तिथेच ठेवा.