प्रस्तावना : बुडालेला ढीग

धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडणारा माणूस तुकडा हातात घेतो, मोडून आवाज ऐकतो आणि शंका आलीच तर कडेला लायटर लावून धूर हुंगतो. ज्योत काढताच तुकडा विझला, तर आत काहीतरी घातलेले आहे एवढे त्याला कळते. नेमके काय, ते कळत नाही. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

जुन्या टीव्हीची मागची काळी पेटी घ्या. तिचे पॉलिस्टायरीन एरवी मेणबत्तीसारखे जळेल, म्हणून त्यात वजनाच्या दहा टक्क्यांहूनही अधिक ‘डेका’, म्हणजे डेकाबीडीई हे ब्रोमिनयुक्त रसायन, मिसळत. ज्वाळेतल्या चळवळ्या कणांना ब्रोमिन पकडते आणि आगीची साखळी तुटते. (ब्रोमिनचे नाव दुर्गंधी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे, हुंगणाऱ्याची परंपरा जुनीच.) पण डेका प्लास्टिकशी बांधलेले नसते, नुसते मिसळलेले असते. ते धुळीत उतरते आणि धुळीतून रांगत्या मुलाच्या हाताला लागते. या कुळातली रसायने थायरॉइडच्या संप्रेरकांच्या कामात लुडबुड करतात, म्हणून वाढत्या मेंदूची काळजी.

हे उशिरा कळले असे म्हणवत नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ‘फायरमास्टर’ नावाचे असेच एक रसायन चुकून गुरांच्या खाद्यात गेले, आणि तिथून दुधामांसात. स्वीडनमध्ये साठवलेल्या मातृदुधाच्या नमुन्यांत 1972 ते 1997 या काळात बीडीईंचे, म्हणजे डेकाच्या कुळातल्या रसायनांचे, प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट झालेले आढळले. टिकाऊ प्रदूषकांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत याच कुळातल्या पेंटा आणि ऑक्टा मिश्रणांतली मुख्य रसायने 2009 मध्ये आली, डेका 2017 मध्ये. मात्र पहिल्या दोन मिश्रणांचे प्लास्टिक पुन्हा वापरायला 2030 पर्यंत सवलत ठेवली गेली. माझ्या मते हीच मोठी चूक: कारखान्याचे दार लावले, भंगाराचे उघडे ठेवले.

त्या दारातून काय बाहेर येते? मिश्र रंगांचा भुगा वितळवला की रंग मळकट होतो, म्हणून त्यात काजळी घालतात. काजळी अवरक्त किरण गिळते, त्यामुळे प्लास्टिक ओळखणारी यंत्रे पुढच्या फेरीत आंधळी होतात. अनेक देशांच्या बाजारांतून आणलेल्या रंगीत क्यूबच्या कोड्यांत ऑक्टा आणि डेका सापडले आहेत. प्रमाण आग रोखण्याइतके नव्हतेच. म्हणजे ते कुणी मुद्दाम घातलेले नव्हते, टीव्हीच्या पेटीतून वारशाने आले होते. आपल्या ई-कचरा नियमांत या रसायनांवर 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, पण ती उपकरणांसाठी. त्याच प्लास्टिकचा चमचा झाला की नियम मागे राहतो.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने गुणाकार मात्र स्वतः करून पाहावा. 2024 मध्ये काळ्या प्लास्टिकच्या भांड्यांवरचा एक निबंध गाजला. 60 किलोच्या माणसासाठी, किलोमागे 7,000 नॅनोग्रॅम या हिशेबाने, दिवसाची मर्यादा 4,20,000 यायला हवी होती. छापली गेली 42,000. एका शून्याने जगभरचे कालथे कचऱ्यात गेले. दुरुस्ती आली, पण ती मथळ्यांत कुठून मावणार? चमच्यात ब्रोमिन होते हे खरेच, आणि भीती दसपट होती हेही खरे.

हे पुस्तक वाचायला दहावीपर्यंतचे रसायनशास्त्र पुरे आहे. एक बादली, मीठ आणि थोडे काळे तुकडे घेतलेत तर आणखी चांगले. पाणी पुरेसे खारट झाले की साधे पॉलिस्टायरीन आणि एबीएस वर तरंगते. ब्रोमिनवाले जड, ते तळाशी बसते. भुकटी किंवा काचतंतू घातलेलेही बुडते, तेव्हा ही परीक्षा पक्की नव्हे. तरी दिल्लीतल्या वस्त्यांत प्रयोगशाळेविना निवड चालते ती अशा टाक्यांवरच. वर तरंगलेल्याला भाव मिळतो. तळाचा ढीग कोण उचलतो, किती रुपयांना आणि त्याचे पुढे काय करतो, हे शोधण्यात पुढची तीन प्रकरणे गेली आहेत.