आमच्या ओट्याचा दगड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, अशी गळ संपादिका भगिनींनी घातली तेव्हा मंडळाच्या वाटचालीविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. पण ती वाटचाल चिटणीसबाईंच्या अहवालात येणारच आहे. शिवाय गेले चार महिने ज्या एका विषयावरून मंडळात खडाजंगी चालली आहे, तो सोडून दुसरे काही सुचणे मला कठीण झाले आहे. सभागृहामागच्या आपल्या स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बांधायचा आहे. त्यावर दगड कोणता घालावा? एक पक्ष म्हणतो, काळा ग्रॅनाइट. दुसरा म्हणतो, आहे तो कडप्पाच घासून घ्या. तिसरा पक्ष तरुण सुनांचा. त्यांना पांढराशुभ्र क्वार्ट्झ हवा आहे, आणि त्याचा खर्च उचलायला एक देणगीदारही तयार आहेत.

मी कोणत्याच पक्षात नव्हते. त्यामुळे मला निवांत विचार करायला सवड मिळाली, आणि लक्षात आले की ओटा हा दिसतो तितका जुना नाही. माझ्याच आयुष्यात तो आला.

माझे बालपण पुण्यात, नदीकाठच्या पेठेतील एका वाड्यात गेले. आमच्या स्वयंपाकघरात कमरेएवढ्या उंचीवर काहीही नव्हते. चूल जमिनीवर, तिच्या शेजारी वैल, पाटा जमिनीवर, परात जमिनीवर आणि आई पाटावर. विळी पायाखाली दाबून ती भाजी चिरत असे. सारवलेली जमीन हाच तिचा ओटा. तो दर दोन दिवसांनी शेणाने नवा होत असे आणि त्याला पैसा पडत नसे. पडत ती कंबर.

वाचक भगिनींना प्रश्न पडेल, की सारे पुणे काळ्या दगडावर वसलेले, मग तोच दगड घरात का वापरला नाही? वापरला होता, पण जात्याला, पाट्याला, उखळाला. आपला सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हारस. तो कठीण आहे, मिरची वाटायला त्यासारखा दगड नाही. परंतु त्याचे पातळ पापुद्रे निघत नाहीत. पाथरवटाने टाकी लावून एकेक पाटा घडवावा लागे, आणि दोन-चार वर्षांनी गुळगुळीत झाला की पुन्हा टाकी लावून घ्यावी लागे. ‘पाट्याला टाकीऽऽ’ ही हाळी ज्यांनी ऐकली आहे, त्या माझ्याच वयाच्या. अशा दगडाची सहा फूट लांब, इंचभर जाडीची फळी सामान्य घराला परवडती, तर ओटा आपल्याकडे फार आधी आला असता, असे मला वाटते.

फळी देणारा दगड दूर होता. आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे. तेथील चुनखडीचा दगड थरांथरांनी निघतो, पहार घातली की फरशी सुटते. आणखी दक्षिणेला आंध्रात कडप्पा. तेथील चुनखडी काळसर आणि अधिक घट्ट. हे दोन्ही दगड आपल्या घरी कसे आले हे नकाशा पाहिला म्हणजे समजते. मुंबईहून निघालेला आणि मद्रासहून निघालेला असे दोन लोहमार्ग १८७१ साली रायचूरला जुळले. त्या एकाच मार्गावर शहाबादही आहे आणि कडप्पाही. दगड जड, तो बैलगाडीने फार लांब नेणे परवडत नाही, आगगाडीने परवडते. आपण म्हणतो ‘आम्ही कडप्पा निवडला’. निवड पुष्कळशी रुळांनीच करून ठेवली होती.

आता माझ्या घराकडे येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमच्या वाड्याच्या भिंती मातीच्या. त्या पाण्यात विरघळल्या म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी आईने चिखलातून उकरून काढलेली पहिली वस्तू म्हणजे पाटा. वरवंटा मात्र सापडला नाही. पुढे पूरग्रस्तांच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, आणि तेथे प्रथमच आमच्या वाट्याला ओटा आला. शहाबादी फरशीचे तीन तुकडे सिमेंटने जोडलेले, एका अंगाला मोरी.

आईने त्यावर काय केले? पाण्याचे हंडे ठेवले! स्वयंपाक ती खालीच करी. उभे राहून रांधणे तिला परक्याच्या घरी आल्यासारखे वाटे. शिवाय विळीचे काय करायचे? विळी बसल्याखेरीज चालत नाही. पुढे कित्येक घरांत ओट्यावर सुरी आणि खाली विळी असा दुहेरी संसार वर्षानुवर्षे चालला, याला मुख्य कारण हेच.

तिला उभे केले ते गॅसने. मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५५ च्या सुमारास ‘बर्शेन’ गॅस आणला, इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ १९६५ साली कलकत्त्यात सुरू झाला, आणि मग हळूहळू मध्यमवर्गात नंबर लावण्याची धडपड सुरू झाली. आमच्याकडे सिलिंडर आला तो १९६९ साली. बसवायला आलेल्या माणसाने आईला बजावून सांगितले की शेगडी सिलिंडरपेक्षा उंच असली पाहिजे, जमिनीवर ठेवायची नाही. हंडे खाली उतरले, शेगडी वर चढली आणि तिच्यामागून आईही उठली. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी आमटी झाल्यावर ती म्हणाली, ‘अगं, खिडकीतून रस्ता दिसतो की!’ इतकी वर्षे रांधताना तिने फक्त भिंत पाहिली होती.

याच ओट्याने शहाबादीचे दोष दाखवले. जोडांत हळद बसे, रात्री तेथूनच झुरळे निघत. म्हणूनच ज्यांना जमले त्यांनी पुढे कडप्पा घातला. तो लांबच लांब मिळे, जोड कमी. काळा, त्यामुळे डाग दिसत नाहीत, आणि खोबरेल तेलाचा हात फिरवला की लग्नघरासारखा चमकतो.

१९७२ साली लग्न होऊन मी दादरला आले. तेथे सासऱ्यांनी हौसेने ओट्यावर संगमरवर बसवला होता. एक इराणी हॉटेल बंद पडले, त्याच्या टेबलांचे दगड विकायला निघाले, त्यांतला हा एक. पहिल्याच वैशाखात मी त्यावर लोणच्यासाठी दोन शेकडा लिंबे चिरली. फडक्याने पुसून घेतले आणि पाहते तो काय, जेथे जेथे रस सांडला होता तेथे तेथे दगडाची झिलई उडून निस्तेज चट्टे पडले होते. सासूबाईंनी मला एका शब्दाने दुखवले नाही. फक्त पुढील अकरा वर्षे आल्यागेल्याला त्या ते चट्टे दाखवीत असत.

पुष्कळ दिवसांनी समजले की तो माझा निष्काळजीपणा नव्हता, रसायनशास्त्र होते. संगमरवर, शहाबादी आणि कडप्पा ही तिन्ही एकाच कुळातली, चुनखडीची भावंडे. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, कोणत्याही आम्लाने ती झिजतात. डाग पुसून जातो. पण हा डाग नव्हेच, दगडच खाल्ला गेलेला असतो. ज्या देशात आमसुलाशिवाय आमटी होत नाही, त्या देशाने शंभर वर्षे चुनखडीवर स्वयंपाक केला, ही मोठी गंमत आहे!

ग्रॅनाइटला आम्लाचे भय नाही. त्यात गारगोटी असते, आणि ती पोलादी सुरीपेक्षा कठीण. पण जे कठीण ते कापायलाही कठीण. हिऱ्याचे दात लावलेल्या करवतींनी त्याच्या पातळ फळ्या स्वस्तात निघू लागल्या तेव्हाच तो देवळांतून आणि बँकांच्या इमारतींतून आपल्या ओट्यावर उतरला. आपल्या वस्तीत १९९० नंतर तो घरोघर झाला. दुकानदार ज्याला ग्रॅनाइट म्हणतात तो प्रत्येक दगड शास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतो. ओंगोलजवळचा चिमकुर्तीचा तो चांदण्या असलेला काळा ‘गॅलेक्सी’ हा वेगळ्याच जातीचा आहे. असो, लिंबू त्यालाही काही करीत नाही.

आता तरुण भगिनींच्या क्वार्ट्झविषयी. हा खाणीतून निघालेला दगड नव्हे. गारगोटीचा चुरा नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त, आणि बाकी कृत्रिम राळ, असे मिसळून, दाबून, भाजून हा केलेला असतो. ही कृती इटलीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाली. हळद त्यावर सहसा टिकत नाही, लिंबू चालते. मात्र राळ असल्याने उकळत्या तेलाची कढई थेट ठेवली तर तो करपतो. मंडळात दिवाळीचा फराळ करताना कढई कोठे ठेवायची याचा विचार करायला आपल्याला वेळ असतो का, ते अनारसे तळणाऱ्या भगिनींनीच सांगावे.

माझे मन उडाले ते मात्र कढईमुळे नव्हे. गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या इमारतीत एका बिऱ्हाडाने क्वार्ट्झचा ओटा घातला. तो कापायला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा येई. फुटपाथवर बसून, पाणी न सोडता, हातातल्या यंत्राने तो दगड कापी. तोंडाला हातरुमाल. संध्याकाळी उठला की भुवया पिठाच्या गिरणीतल्या माणसासारख्या पांढऱ्या. मी त्याला पाणी दिले, आणि घरी येऊन नातवाला या धुळीविषयी माहिती काढायला सांगितले.

गारगोटीची ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की पुन्हा निघत नाही. सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. हा रोग नवा नाही. खंभातचे अकीक घासणारे कारागीर आणि राजस्थानातील खाणकामगार यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नवे आहे ते प्रमाण. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते, पण या कृत्रिम दगडापेक्षा पुष्कळ कमी. चुनखडीत साधारणपणे त्याहूनही कमी. ऑस्ट्रेलियात ओटे कापणारी तरुण मुले या रोगाने आजारी पडू लागली, तेव्हा तेथील सरकारांनी १ जुलै २०२४ पासून हा दगड बनवणे, विकणे आणि बसवणे यांवर बंदी घातली. पाणी सोडून, योग्य मुखवटा लावून कापला तर धोका बराच कमी होतो, हे खरे. पण आपल्या फुटपाथवर पाणी कोण सोडणार?

हे मी कार्यकारिणीच्या सभेत सांगितले तेव्हा एक ताई म्हणाल्या, ‘मग ग्रॅनाइट कापणाऱ्याच्या छातीत काय जात नाही?’ प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी कडप्पा-पक्षात गेले, कारण तो कापायचाच नाही. आहे तोच घासायचा, तोही भरपूर पाणी सोडून. लिंबासाठी वेगळी लाकडी फळी ठेवू.

आणखी एक गोष्ट सांगते, जी दगडाहून महत्त्वाची आहे असे मला वाटते. जर्मनीत फ्रांकफुर्ट शहराने १९२६ च्या सुमारास कामगारांसाठी घरे बांधली, तेव्हा मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्झ्की या वास्तुशिल्पी स्त्रीने त्यांचे स्वयंपाकघर आखले. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. बायकांची पावले किती पडतात याचा हिशेब करून तिने सारे मांडले. आजच्या मांडणीच्या स्वयंपाकघरांचे ते आजोळ मानतात. तिने खिडकीपाशी कामाची फळी बसून काम करता येईल अशी ठेवली, आणि तीपुढे फिरते स्टूल दिले. आपल्याकडे ओटा आला आणि बायका एकदा उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. खाली कपाटे भरल्यामुळे गुडघे घालायलाही जागा उरली नाही.

आणि उंची? मंडळाचा ओटा १९८४ साली बांधला. मी तेथे हजर होते. गवंड्याने ‘केवढा ठेवू?’ असे आमच्या तेव्हाच्या अध्यक्षाबाईंच्या यजमानांना विचारले. ते सहा फूट उंच. त्यांनी कमरेला हात लावून दाखवला. तेव्हापासून आपण एकेचाळीस वर्षे पाटावर उभे राहून पुरणपोळ्या लाटत आहोत! नव्या सभासद भगिनी विचारतात की ओट्यापुढे हे पाट कशाला मांडले आहेत, त्यांना हे उत्तर.

कार्यकारिणीने गेल्या महिन्यात कडप्पा ठेवायचे ठरवले. नऊ विरुद्ध सहा. देणगीदारांनी मनाचा मोठेपणा दाखवून तीच रक्कम पोलिशसाठी आणि नव्या मोरीसाठी देऊ केली आहे. खिडकीकडचा चार फुटांचा भाग बसून काम करण्यासाठी ठेंगणा करावा, खाली मोकळा ठेवावा, ही माझी सूचनाही मान्य झाली. उरलेल्या भागाची उंची अजून ठरलेली नाही. कोपरापासून चार बोटे खाली, असे सगळ्याच म्हणतात. पण कोपर कुणाचे? येत्या सोमवारी दुपारी चार वाजता मी मापपट्टी घेऊन सभागृहात बसणार आहे. ज्या ज्या भगिनी त्या ओट्यावर पोळ्या लाटतात त्यांनी येऊन माप देऊन जावे. चपला काढून.