शाळा-महाविद्यालयाच्या वेबसाइटसाठी सीएमएस कशी निवडावी?

शिष्यवृत्तीची मुदत, वसतिगृहाचा अर्ज, राखीव जागांची यादी ही माहिती वेळेत मिळाली नाही, तर घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलामुलींचे वर्ष वाया जाते. त्यामुळे संस्थेची वेबसाइट अद्ययावत ठेवणे हा केवळ संगणक विभागाचा विषय नाही. शिक्षणसंस्थांशी संबंधित कार्यकर्त्यांनीही तो समजून घ्यायला हवा.

सीएमएस म्हणजे काय?
कोडिंग न येणाऱ्या शिक्षकाला किंवा लिपिकाला लॉगिन करून सूचना, फोटो, निकाल टाकता येतील अशी प्रणाली. वर्डप्रेस (२००३), जुमला (२००५) आणि ड्रुपल (२००१) या तिन्ही मुक्त प्रणाली आहेत. त्यांना परवाना शुल्क नाही. डोमेन, होस्टिंग आणि देखभालीचा खर्च मात्र येतो.

कोणासाठी कोणती?
• वर्डप्रेस : शिकायला सोपी, जाणकारही सहज मिळतात. शाळा व लहान महाविद्यालयांना पुरेशी. मराठी-इंग्रजी दोन्ही आवृत्त्या हव्या असतील तर वेगळे प्लगइन लागते. प्लगइन अपडेट केले नाहीत तर साइट हॅक होण्याचा धोका असतो.
• जुमला : बहुभाषिक सोय मुळातच आहे, शिकायला थोडा जास्त वेळ लागतो.
• ड्रुपल : अनेक विभाग आणि प्रत्येकाला वेगळे अधिकार द्यायचे असलेल्या विद्यापीठांना योग्य. प्रशिक्षित माणूस हवाच.

मूडल हे ऑनलाइन अध्यापनासाठी आहे. ते वेबसाइटची जागा घेत नाही.

ठरवण्यापूर्वी विचारा
१. डोमेन आणि पासवर्ड संस्थेच्या नावावर आहेत की ठेकेदाराच्या? ठेकेदाराच्या ताब्यात असतील तर वाद झाल्यावर साइटच बंद पडू शकते.
२. सूचना युनिकोड मराठीत आहेत की स्कॅन केलेल्या पीडीएफ? स्कॅन केलेला मजकूर साध्या शोधात सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्यांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.
३. साध्या मोबाइलवर, कमी नेटवर्कमध्ये पान उघडते का?
४. बॅकअप कोण घेतो? किमान दोघांना काम येते का?

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी ठरावीक माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. सरकारी आणि शासनाकडून भरीव अनुदान घेणाऱ्या संस्था त्यात येतात. आपल्या महाविद्यालयाची वेबसाइट आज उघडून पाहा. शिष्यवृत्तीची शेवटची सूचना कधीची आहे? ती जुनी असेल तर प्राचार्यांना लेखी निवेदन द्या. सीएमएस कोणतीही असो, सूचना टाकण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असल्याशिवाय ती उपयोगी पडत नाही.