कारखान्यातील आग : प्रतिबंध आणि संरक्षण

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्यांतील काही कापसाच्या गाठींसोबत एकाच कप्प्यात भरलेली होती. सुमारे दोन तास पाणी मारूनही धुमसत्या गाठींतील आगीचे मूळ सापडले नाही. चारच्या सुमारास भीषण स्फोट झाला. त्यात शेकडो लोक मृत्युमुखी पडले. मुंबई अग्निशमन दलाने ६६ जवान गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कोणता माल कशाच्या शेजारी ठेवला आहे, यावरच आगीचे स्वरूप पुष्कळदा ठरते, हा या दुर्घटनेचा धडा प्रत्येक कारखान्याला लागू पडतो.

आग कशी लागते?

इंधन, उष्णता आणि प्राणवायू एकत्र आले की आग लागते. कारखान्यात इंधनाचा तोटा नसतो आणि हवा सर्वत्र असते. त्यामुळे प्रतिबंधाचा भर मुख्यतः ठिणगी व उष्णता दूर ठेवण्यावर असतो. वायरिंगवरील जादा भार, सैल जोडण्या, तापलेली बेअरिंग आणि वेल्डिंगच्या ठिणग्या ही आगीची नेहमीची कारणे आहेत. थिनरसारख्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून पिंपातून द्रावक काढताना अर्थिंग आवश्यक ठरते. पीठ, साखर, लाकूड यांची हवेत उडालेली बारीक धूळही स्फोटक असते. पहिल्या लहान स्फोटाने तुळयांवर साचलेली धूळ उडते आणि दुसरा स्फोट अधिक विध्वंसक होतो. येथे झाडलोट ही सुरक्षेचीच बाब आहे.

आगीनुसार साधन

लाकूड, कापड, कागद यांच्या आगीवर पाणी परिणामकारक असते. तेलाच्या आगीवर मात्र पाणी मारल्यास जळते तेल पसरते. तेथे फेस किंवा कोरडी रासायनिक भुकटी वापरतात. विद्युत उपकरणांसाठी वीजपुरवठा तोडून कार्बन डायऑक्साइड वापरणे योग्य. गॅसगळतीच्या आगीत प्रथम व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. गळती चालू असताना केवळ ज्वाला विझवल्यास गॅस साचून स्फोट होण्याची भीती असते. मॅग्नेशियमसारख्या धातूंच्या आगीवर पाणी कदापि मारू नये. त्यांच्यासाठी खास भुकटी किंवा कोरडी वाळू लागते. अग्निशामक नळकांडे हे आरंभीच्या लहान आगीसाठीच असते आणि त्याचा फवारा ज्वालेच्या टोकावर न मारता बुडाशी मारावा लागतो.

सुटकेची वाट

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या आगीत १४६ कामगारांचा बळी गेला. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. जिन्याकडे जाणारा एक दरवाजा कुलूपबंद होता. चोरीच्या भीतीने दारे बंद ठेवणे किंवा जिन्यात खोकी रचणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण आहे. आगीत अनेकदा ज्वालांपेक्षा धुरानेच अधिक माणसे गुदमरतात. त्यामुळे बाहेर जाण्याच्या किमान दोन स्वतंत्र वाटा, बाहेरच्या दिशेने उघडणारी दारे आणि आणीबाणीचे दिवे अत्यावश्यक ठरतात.

कायदा आणि सराव

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आला. त्यानुसार आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर असते. परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये घेऊन सादर करावे लागते. मात्र कागदोपत्री पूर्ततेने आग विझत नाही. रात्रपाळीतील आणि कंत्राटी कामगारांसह सर्वांनी बाहेर पडण्याचा सराव केलेला असला, व्हॉल्व्ह आणि वीज कोणी बंद करायची हे ठरलेले असले आणि अग्निशमन दल पोहोचताच आत कोणता माल आहे हे सांगणारा जबाबदार माणूस हजर असला, तरच यंत्रणेवरील खर्च सार्थकी लागतो.