नर्सचा पगार आणि दिव्याची खोली

माझी पहिली नोकरी पगाराचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत होती. त्यात कर्मचाऱ्याने भरायच्या एका पानावर प्रश्न होता: राहतं घर महानगरात आहे का? प्राप्तिकराच्या नियमांत घरभाडे भत्त्याच्या सवलतीपुरती तेव्हा चारच महानगरं होती, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई. तिथे राहणाऱ्याला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत सवलत, बाकी सगळ्यांना ४० टक्क्यांपर्यंत. मी दिव्यात राहतो. दिवा ठाणे महापालिकेत येतं, म्हणजे उत्तर 'नाही'. सकाळी ज्या गर्दीतून मी मुंबईला जायचो ती पाहता हे उत्तर विनोदी होतं, पण नियम म्हणजे नियम, आणि तो कोडमध्ये लिहिणारा मीच होतो.

हा विनोद मी विसरूनही गेलो असतो. पण २०२३ मध्ये माझी मामेबहीण चिपळूणहून आमच्याकडे राहायला आली. जीएनएम झालेली, नोंदणी हातात, आणि ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात पहिली नोकरी. पगार १६,०००. कापाकापी होऊन हातात चौदाच्या आसपास. आई तिची आत्या, त्यामुळे राहण्याखाण्याचा प्रश्न नव्हता. तरी दोन महिन्यांनी ती म्हणाली, "दादा, आत्याकडे नसते तर या पगारात मी राहिले कुठे असते?" आमच्या इमारतीतल्या एका खोलीचं भाडं तेव्हा साडेसहा हजार होतं. अनामत वेगळी, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी पिण्याच्या पाण्याचे जार वेगळे.

त्याच वर्षी राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचा सुरुवातीचा मूळ पगार ३५,४०० होता, वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. शिक्षण तेच, सलाइन तेच, रात्रपाळी तीच. एवढा फरक कसा पडला, हे शोधायला मी लागलो तेव्हा वाटलं होतं की उत्तर 'खासगीकरण' या एका शब्दात मिळेल. मिळालं ते जरा जुनं निघालं, आणि त्याचा संबंध पगारापेक्षा राहत्या जागेशी जास्त होता.

मुंबईत आधुनिक परिचर्येचं शिक्षण १८८० च्या दशकात जे.जे. आणि कामा या रुग्णालयांत रुजू लागलं. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून येतं. व्यवस्थेचा नमुना इंग्लंडचा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या शाळेत विद्यार्थिनी रुग्णालयातच राहायच्या, मेट्रनच्या नजरेखाली. तेच इथे आलं. नर्स अविवाहित किंवा विधवा, राहणार आवारातल्या होस्टेलात, जेवणार मेसमध्ये, गणवेश आणि त्याची धुलाई रुग्णालयाची. हातात पडणारी रक्कम लहान, कारण छप्पर आणि भाकरी आधीच दिलेली.

आपल्याकडे होस्टेलची गरज आणखी एका कारणाने होती. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या पुणे सेवासदनाने १९०९ नंतर विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं वसतिगृह चालवावं लागलं. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, सगळ्या जातीधर्मांच्या माणसांची शुश्रूषा करायची. ब्राह्मण घरातल्या विधवेने हे करावं म्हणून आधी तिच्या राहण्या-जेवण्याची 'शुद्ध' सोय दाखवणं भाग होतं. मिरजेसारख्या मिशन रुग्णालयांत ख्रिस्ती मुली याआधीच हे काम करत होत्या आणि त्यांच्या नावाने नाकं मुरडली जात होती. म्हणजे होस्टेल हे एकाच वेळी निवारा, पहारा आणि अब्रूचा दाखला होतं. मला ही व्यवस्था प्रेमळ वगैरे अजिबात वाटत नाही. पण हिशोब म्हणून ती पूर्ण होती. नर्स कुठे झोपणार हे पगार ठरवणाऱ्याला माहीत होतं.

याच काळात रुग्णालयाच्या भिंतीबाहेरची मुंबई जगण्याचा खर्च मोजायला शिकत होती. पहिल्या महायुद्धात धान्य, कापड, भाडी सगळंच भडकलं. १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. गिरण्यांत महागाईसाठी वाढीव पैसे मागितले जाऊ लागले आणि संप झाले. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं. जुलै १९१४ चे भाव म्हणजे १०० धरून कामगारांच्या राहणीमानाचा निर्देशांक दर महिन्याला छापला जाऊ लागला. फिंडले शिरास यांचा मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल १९२३ मध्ये आला. धान्य किती, सरपण किती, भाडं किती, चाळीतल्या खोलीत जाऊन विचारलेलं. आजचा महागाई भत्ता हा त्या मोजणीचाच वंशज.

या मोजणीचा गृहीत माणूस गिरणी कामगार होता: चाळीत खोली, बायकामुलं, गावाला पाठवायचे पैसे. नर्स त्यात बसत नव्हती, कारण तिला भाडंही नव्हतं आणि सरपणही नव्हतं. माझा अंदाज असा की नर्सच्या पगाराची आणि शहराच्या महागाईची चुकामूक इथेच झाली. गिरणी कामगाराच्या पगारात भाड्याचा विचार होता. नर्सच्या पगारातून भाडं वगळलेलं होतं. होस्टेल आहे तोवर यात काही बिघडत नाही.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशात सुमारे ७,००० नर्सेस असल्याची नोंद आहे, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. नर्सेसच्या कामाची आणि राहण्याची अवस्था वाईट आहे, ती सुधारल्याशिवाय मुली या पेशात येणार नाहीत, हे समितीने स्पष्ट मांडलं. १९५४ मध्ये शेट्टी समितीने पुन्हा त्यांच्या सेवाशर्ती तपासल्या. दर काही वर्षांनी एक समिती नेमली की विषय जिवंत असल्याचं समाधान मिळतं.

सरकारी नोकरीत मात्र हळूहळू हिशोब जुळवला गेला. नर्सेस लग्नं करू लागल्या, संसार थाटू लागल्या, आवारातली निवासस्थानं अपुरी पडली. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांना इतर कर्मचाऱ्यांसारखा घरभाडे भत्ता. गणवेश आणि धुलाई यांचेही भत्ते झाले. मला हे भत्ते जीवाश्मांसारखे वाटतात: मेट्रनच्या काळातल्या वस्तू रुपयांत बदललेल्या. घरभाड्यासाठी सरकारने शहरांच्या श्रेणी केल्या. सध्याच्या पद्धतीत ५० लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं 'एक्स', ५ ते ५० लाखांची 'वाय', बाकी 'झेड'. सातव्या वेतन आयोगानंतर दर ठरले मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के, आणि महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेल्यावर ते २७, १८ आणि ९ झाले होते.

गंमत अशी की या यादीत एकटी मुंबई नाही, 'बृहन्मुंबई नागरी समूह' आहे. जनगणनेच्या या समूहात ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळे येतात. म्हणजे भत्ता देताना दिवा मुंबईत, आणि कराची सवलत देताना मुंबईबाहेर. तरी कुठेतरी, कुणीतरी, दिव्याला भाडं लागतं हे लिहून ठेवलं आहे.

खासगी रुग्णालयांत हे भाषांतर झालंच नाही. होस्टेलची जागा महाग झाली, तिथे ओपीडी किंवा पार्किंग आलं, आणि नर्सेस बाहेर राहू लागल्या. पगाराची कल्पना मात्र होस्टेलच्या काळातलीच राहिली: एकटी मुलगी आहे, तिला किती लागणार? त्यात बॉण्ड आले, म्हणजे मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या केरळी नर्सने जीव दिला आणि तिच्या सहकारी संपावर गेल्या, तेव्हा मागण्यांत ही प्रमाणपत्रं परत द्या हे होतं. त्याच वर्षी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०८ पासूनची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली.

२९ जानेवारी २०१६ ला न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. डॉ. जगदीश प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीच्या शिफारशी मी दोन-तीनदा वाचल्या. २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारी नर्सइतका पगार. १०० पेक्षा जास्त खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांकडे. केरळात मोठी आंदोलनं झाली आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने २०,००० चं किमान वेतन अधिसूचित केलं.

हे २०,००० मिळाले असते तर माझी बहीण खूश झाली असती, यात शंका नाही. पण माझ्यातला पगाराचा कोड लिहिणारा माणूस एका ठिकाणी अडतो. मोजपट्टी खाटांची आहे, गावाची नाही. ४० खाटांचं नर्सिंग होम गडचिरोलीत असो की नौपाड्यात, तळाचा आकडा एकच. मालकाची ऐपत मोजली, नर्सचं भाडं पुन्हा वगळलं. ज्या शहराने १९२१ मध्ये निर्देशांक काढला, त्या शहराच्या पसाऱ्यात नव्या नर्सला स्वतःच्या जगण्याचा आकडा अजून मिळालेला नाही.

तो आकडा ती लोकलमध्ये भरते. दिव्याहून मुंब्रा, कळवा आणि ठाणे, तीनच स्थानकं. पण २ जानेवारी २०१५ ला इथल्या प्रवाशांचा उद्रेक झाला तो उगीच नव्हता. जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या त्या १८ डिसेंबर २०१६ पासून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीने भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडून दगावली, तीही याच टप्प्यात. माझी बहीण रात्रपाळी मागून घ्यायची. मला वाटायचं रात्रपाळीचे जादा पैसे मिळत असतील. तसं काही नव्हतं. संध्याकाळी सगळे ठाण्याहून दिव्याकडे येत असताना ती उलट जायची, सकाळी सगळे ठाण्याकडे लोंबकळत असताना ती उलट यायची. दोन्ही वेळा बसायला मिळायचं. बारा तास उभं राहण्याच्या कामात हा हिशोब आम्हा कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

वर्षभराने तिने मध्य मुंबईतल्या दुसऱ्या एका रुग्णालयात नोकरी धरली. पगार हजारभरानेच जास्त, पण होस्टेल आहे. एका खोलीत चौघी, दार रात्री दहाला बंद. आईला हे फार आवडलं. बहिणीला नाही, पण ती गेली.

सरकारी भरतीचा अर्जही तिने भरून ठेवला आहे. नेमणूक कुठे मिळावी यावर आमचं बोलणं झालं तेव्हा मी लॅपटॉप उघडला. ठाणे 'एक्स', चिपळूण 'झेड'. तेव्हाच्या दराने ३५,४०० वर २७ टक्के म्हणजे ९,५५८, आणि ९ टक्के म्हणजे ३,१८६. फरक ६,३७२. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे ठाण्यात जास्तीचे मिळतील ते तुमच्या इमारतीतल्या खोलीलाच जातील की. चिपळूणला आमचं घर आहे." मग दिवा-सावंतवाडी गाडीची वेळ विचारून ती बॅग भरायला उठली. दोन दिवसांची सुट्टी होती.